कॅम्पर व्हॅन की मोठी मोटरहोम? गाडीचा इसार देण्याआधी एवढं वाचून घ्या

पांढरकवडा, वार्ताहर :

मागच्या महिन्यात पुतण्या आणि त्याचे तीन दोस्त घरी आले. कापसाची शेवटची वेचणी चालू होती, मी वावरातून नुकताच आलो होतो. मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. गाडीत पलंग, गाडीत गॅस, गाडीत संडास. पुतण्या म्हणे, "काका, तयार करून भेटून राहिली. जुनी गाडी आहे, गॅरेजवाला आतून घरासारखी बनवून देतो. टिपेश्वरले टुरिस्ट येते, भाड्यानं देऊ. फक्त इसार द्यायचा आहे." इसार किती, तर पन्नास हजार. चौघांत वाटून घेणार होते. बाकीचे कर्ज काढून.

मी म्हटलं, दोन हप्ते थांबा. बातमीदार आहे तर जरा चौकशी करतो. त्या चौकशीतून जे समजलं ते इथं लिहितो आहे, कारण हा व्हिडिओ फक्त माझ्याच पुतण्याच्या मोबाईलवर आला असेल असं नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडं "कॅम्पर" म्हटलं की कोणाला लग्नातला थंड पाण्याचा कॅम्पर आठवतो, कोणाला बोलेरो कॅम्पर पिकअप. इथं त्या दोन्हींचा विषय नाही. ज्या गाडीत झोपायची, स्वयंपाकाची, पाण्याची सोय कायमची बसवलेली असते तिला सरकारी भाषेत मोटर कॅराव्हॅन म्हणतात. त्यात लहान ती कॅम्पर व्हॅन आणि मोठी ती मोटरहोम. सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन ही त्यांची चुलत बहीण. पण ती कपडे बदलायला आणि आराम करायला असते, प्रवासात राहायला नाही.

तसं चाकावरचं घर आपल्याला नवं नाही. आजोबांच्या काळी जत्रेला दमणी जुंपून जायचे, आत गादी, वर ताडपत्री, खाली कंदील टांगलेला. बंजारा समाजाचे तांडे बैलांवर माल लादून मुलुखभर फिरायचे, सारा संसार सोबत. पंढरीच्या वारीत दिंडीमागचा ट्रक पाहा, त्यात शिधा, भांडी, सतरंज्या, आणि मागं पाण्याचा टँकर. आपल्या जिल्ह्याला लागून जो तेलंगणा आहे, तो आंध्रात असताना एन. टी. रामाराव यांनी १९८२ मध्ये जुनी शेवरोलेट गाडी प्रचारासाठी फेरफार करून घेतली होती. चैतन्य रथम् तिचं नाव. महिनोन्महिने ते त्या गाडीतून फिरले, रस्त्याच्या कडेलाच आंघोळ, तिथंच जेवण. जुन्या लोकांना हे आठवत असेल.

आता मुद्द्यावर येऊ.

अमेरिकेत या गाड्यांचे तीन वर्ग करतात, ए, बी आणि सी. नावांचा क्रम उलटासुलटा आहे, त्यामुळं गोंधळ होतो. बी म्हणजे सगळ्यात लहान, तीच कॅम्पर व्हॅन. कंपनीची व्हॅन जशीच्या तशी ठेवून आत सोय करायची. सी म्हणजे मधली. पुढचं केबिन कंपनीचं आणि मागं वेगळी पेटी बांधलेली, केबिनच्या डोक्यावर अजून एक पलंग. ए म्हणजे सगळ्यात मोठी, बसच्या चेसिसवर बांधलेली, चाळीस फुटांपर्यंत आणि त्याच्याही वर. भारतात बहुतेक कॅम्पर व्हॅन टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बनतात, लांबी वीस ते तेवीस फूट. मोठ्या मोटरहोम बसच्या चेसिसवर बनतात. आपल्या लालपरीएवढी लांबी धरा, म्हणजे पस्तीस-चाळीस फूट.

पोट्ट्यांना साहजिकच मोठी पाहिजे होती. "मोठ्या गाडीत आठ जण झोपते, भाडं जास्त येते," हा हिशोब. कागदावर हिशोब बरोबर आहे. पण गाडी कागदावर चालत नाही, आपल्या रस्त्यावर चालते.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता साधारण पावणेचार मीटर रुंद असतो, कमी वर्दळीच्या ठिकाणी तीनच मीटर. बसएवढी गाडी अडीच मीटरच्या आसपास रुंद. म्हणजे समोरून कापसाची बंडी आली की एकाला धुऱ्यावर उतरावं लागणार. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत साईडपट्टीवर उतरलेली दहा-बारा टनांची गाडी ट्रॅक्टर लावूनसुद्धा निघेल याची खात्री नाही. एसटीचा ड्रायव्हर रोजचा असतो, त्याला वळण माहीत असतं. टुरिस्टाला कुठून माहीत राहणार? त्यात गावातल्या लोंबलेल्या विजेच्या तारा. मोठ्या मोटरहोमची उंची अकरा-बारा फूट, वर एसीचा डबा वेगळा. रेल्वेखालचे बोगदे, बाभळीच्या फांद्या, गावच्या कमानी, सगळं मोजूनच गाडी आत न्यावी लागते.

कॅम्पर व्हॅनचं तसं नाही. जिथं काळीपिवळी आणि स्कूल व्हॅन जाते तिथं ती जाते. सुन्ना गेटपर्यंत गेली, माथनीकडं वळली, संध्याकाळी पांढरकवड्याच्या बाजारात भाजी घ्यायला उभी केली, काही अडचण नाही. जंगलात मात्र दोन्ही गाड्यांना प्रवेश नाही, सफारीसाठी तिथली जिप्सीच करावी लागते. हे त्या व्हिडिओत कोणी सांगत नाही.

डिझेलचं पाहू. ट्रॅव्हलरसारखी गाडी लिटरला दहाच्या आसपास जाते, बसएवढी चार-साडेचार. यवतमाळहून पंढरपूर साधारण पाचशे किलोमीटर. लहान गाडीला पन्नास लिटर, मोठीला एकशे दहाच्या वर. डिझेल नव्वद रुपये धरलं तर एका बाजूनं साडेचार हजार आणि दहा हजार. टोलचा दर बसला वेगळा, मिनीबसला वेगळा. २०२५ मध्ये तीन हजार रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास निघाला, तो खासगी कार, जीप, व्हॅनलाच. भाड्याच्या गाडीला तो नाही.

खरी भानगड विजेची आहे, आणि यात आपण शेतकरी लोक शहरवाल्यांपेक्षा जास्त समजतो, कारण भारनियमनात इन्व्हर्टर वापरून झालं आहे. घरी जी दीडशे एएचची बॅटरी असते तिच्यात पूर्ण भरल्यावर पावणेदोन-दोन युनिट वीज राहते. साधी बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे कामाचं एक युनिटही पुरतं नाही. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो. आता हिशोब तुम्हीच करा. दोन बॅटऱ्या लावल्या तरी रात्री अकराला लावलेला एसी एक वाजेपर्यंत. आणि मे महिन्यात आपल्या यवतमाळात पंचेचाळीस अंश. उन्हात उभी राहिलेली पत्र्याची गाडी म्हणजे मक्याचे दाणे फुटावेत अशी भट्टी. लिथियम बॅटरी जास्त खोल वापरता येते, वजनाला हलकी असते, पण किमतीला जड.

मोठ्या मोटरहोममध्ये याचं उत्तर जनरेटर असतं. तासाला लिटर-दीड लिटर डिझेल घेतो आणि रात्रभर एसी चालवतो. लहान कॅम्पर व्हॅनमध्ये बहुतेक वेळा बारा व्होल्टचे पंखे, जाळीच्या खिडक्या, छतात एक्झॉस्ट पंखा आणि बाहेरून वीज घ्यायचा पॉइंट. म्हणजे मुक्कामाच्या जागी प्लग मिळाला तर एसी, नाही तर पंखा. दिवाळी ते होळी आपल्याकडं पंखाही लागत नाही, उलट रग लागतो. माझं मत विचाराल तर आपल्या भागात लहान गाडी हिवाळ्याचीच आहे. उन्हाळ्यात टिपेश्वरला वाघ पाणवठ्यावर दिसतो म्हणून टुरिस्ट जास्त येतो, आणि नेमकी तेव्हाच ही गाडी राहण्यालायक नसते. धंद्याचा विचार करणाऱ्यानं ही गोष्ट वहीत पहिल्या पानावर लिहावी.

जनरेटरबद्दल थांबून सांगावंच लागेल. २०२४ च्या डिसेंबरात केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या वडकरा इथं रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. मारामारी नाही, चोरी नाही. एसी चालावा म्हणून जनरेटर चालू ठेवून झोपले, आणि जनरेटरचा वायू गाडीत शिरला. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. आपल्याकडं विहिरीत उतरलेल्या इंजिनाच्या धुरानं माणसं गेल्याच्या बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत, हा तोच प्रकार. म्हणून जनरेटर असो की गाडीचं इंजिन, चालू ठेवून आत झोपायचं नाही. थंडीत शेगडीत कोळसे घालून आत ठेवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी छोटी मशीन मिळते, ती पलंगाजवळ लावायची. गॅरेजवाला टीव्ही मोठा देतो म्हणाला, या मशीनचं नाव त्यानं काढलं नाही.

पाण्याचं सोपं गणित : एक लिटर म्हणजे एक किलो. कॅम्पर व्हॅनमध्ये शंभर लिटरची टाकी धरा. चार माणसं जपून वापरतील तर दीड दिवस, आंघोळीला बादली भरून घेतली तर एकच दिवस. मोठ्या गाडीत तीनशे-चारशे लिटर राहते. आणि जेवढं पाणी वापरलं तेवढं घाण होऊन खालच्या टाकीत जमा होते, हे लक्षात घ्या. भांड्याचं-आंघोळीचं पाणी एका टाकीत, संडासचं दुसऱ्या टाकीत. लहान गाडीत संडासची पेटी सुटकेससारखी बाहेर ओढता येते, पंधरा-वीस लिटरची, कुठल्याही शौचालयात नेऊन रिकामी करता येते. मोठ्या गाडीची टाकी मोठी, ती पाइप लावून सेप्टिक टँकमध्येच सोडावी लागते. तशी जागा नसेल तर माणूस काय करतो, हे महामार्गाच्या नाल्या पाहून कळते. हगणदारीमुक्तीचा बोर्ड लावलेल्या गावात टुरिस्टाची टाकी नाल्यात रिकामी झाली तर सरपंचाला उत्तर कोण देणार?

वजनाचं अजून एक. चार माणसं पावणेतीनशे किलो, पाणी शंभर, दोन बॅटऱ्या सव्वाशे, प्लायवूडचे पलंग-कपाटं अडीच-तीनशे, एसी, फ्रिज, गॅस, कपडेलत्ते. सगळं मिळून आठ-नऊशे किलोच्या वर जाते. जुन्या गाडीच्या पाट्यांना आणि ब्रेकला हे झेपते का, हे वजनकाट्यावर चढवून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. कापसाची गाडी मोजायला आपण जिनिंगवर जातो, तिथंच ही गाडीही मोजता येईल.

आता लायसन्स. पूर्ण भरलेलं वजन साडेसात हजार किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स चालते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केलं, की एवढ्या वजनाची मालवाहू किंवा प्रवासी गाडी चालवायलासुद्धा एलएमव्ही पुरते. टेम्पो ट्रॅव्हलर यात बसते. बसच्या चेसिसवरची मोटरहोम बसत नाही, तिला जड वाहनाचं लायसन्स पाहिजे. म्हणजे गाडी भाड्यानं द्यायची तर सोबत पगारी ड्रायव्हर आलाच. त्याच्या झोपण्याची सोय कुठं, हाही प्रश्न. चौघांपैकी एकाकडंही जड वाहनाचं लायसन्स नाही, हे मी विचारेपर्यंत त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो विषय : जुनी गाडी आतून बदलून घेणं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं गाडी जशी बनवली आणि आरसीवर जशी नोंद आहे, त्यात मालकाला मनानं बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठासून सांगितलं. सतरा सीटांची गाडी घेतली, सीटा काढून पलंग टाकला, गॅस बसवला, छत कापून एसी बसवला, तर ती गाडी आरसीवरची गाडी राहिली नाही. पोलिसांनी अडवलं तर दंड होईल, तो एक वेळ भरता येईल. अपघात झाला, आग लागली, आणि विमा कंपनीचा माणूस पाहायला आला, तर तो पहिलं आरसी आणि गाडी जुळवून पाहील. न जुळलं तर पैसे अडकले. आत बसलेल्या टुरिस्टाच्या घरच्यांनी भरपाईचा दावा लावला, तर तो गाडीमालकाच्या वावरावर येऊ शकतो. पन्नास हजारांच्या इसारामागं चार एकर उभं आहे, हे पोरांना दिसत नव्हतं.

मोटर कॅराव्हॅनसाठी देशात वेगळं मानक आहे, एआयएस १२४ त्याचं नाव. पलंग कसा बसवायचा, बाहेर पडायची वाट कशी, गॅस-वीज कशी, हे त्यात येते. त्याप्रमाणं बनवून पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून मंजूर झालेली गाडी घेतली तर आरसीवरच "मोटर कॅराव्हॅन" किंवा "कॅम्पर व्हॅन" असं येते. गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारायचा : मंजुरीचा कागद दाखव. मी फोनवर विचारला. तो म्हणाला, "साहेब, सगळे असंच चालवतात." त्याचं नाव इथं लिहीत नाही, पण उत्तर लिहिलं आहे.

स्वतःच्या वापराची आणि भाड्याची गाडी यातही फरक आहे. स्वतःच्या कुटुंबासाठी घेतलेली कॅम्पर व्हॅन खासगी वाहनात मोडते, पांढरी पाटी, नोंदणी पंधरा वर्षांची. भाड्यानं द्यायची म्हणजे परिवहन वाहन, पिवळी पाटी, परमिट, आणि फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दर वर्षी. पांढऱ्या पाटीवर भाडं घेतलं तर विम्याचा वांधा पुन्हा उभा. यवतमाळच्या आरटीओत एमएच २९ ची नवी नोंदणी करण्याआधी खिडकीवर जाऊन विचारलेलं बरं. एजंटाला नाही, खिडकीवर.

मग हा सगळा व्यवहार खोटा आहे का? तसं मुळीच नाही. काश्मीर ते कन्याकुमारी जाणारा चव्वेचाळीस नंबरचा महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी. दुसरा नागपूर-तुळजापूर, तो कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड करत जातो. हिवाळ्यात उत्तरेकडच्या पाट्यांच्या अशा गाड्या ढाब्यावर उभ्या दिसतात. त्यांना रात्री काय लागते? सपाट कडक जागा, उजेड, प्यायचं पाणी, एक प्लग, स्वच्छ संडास आणि कोणी त्रास देणार नाही एवढी खात्री. त्यातलं निम्मं रस्त्यालगत वावर असलेल्या शेतकऱ्याकडं आधीच आहे. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं. दुसऱ्यात गाडीसोबत कॅराव्हॅन पार्कचाही, म्हणजे अशा मुक्कामाच्या जागेचाही, विचार आहे. केरळानं त्याच वर्षी "केराव्हॅन केरळ" सुरू केलं.

मला यात गाडी घेण्यापेक्षा जागा देणं जास्त शहाणपणाचं वाटते. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, जमिनीची नाही. सुरुवातीला मुरूम टाकून दोन गाड्यांची जागा, एक शोषखड्ड्यासह सेप्टिक टँक, घरगुती जेवण. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, तुरीच्या दाण्याची आमटी. मीटर मात्र वेगळं घ्यावं लागेल, शेतीपंपाच्या कनेक्शनवरून टुरिस्टाला वीज देता येत नाही. आणि जागा जंगलाला खेटून नको. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा भागातल्या लोकांनी जे दिवस काढले ते विसरण्यासारखे नाहीत. टिपेश्वरचा एक वाघ २०१९ मध्ये निघाला आणि बुलडाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला, वाटेत त्यानं कोणाचा धुरा विचारला नाही. गाडीबाहेर खाट टाकून झोपणारा शहरी पाहुणा सांभाळणं आपल्या अंगावर येते.

ज्यांना फक्त घरच्यांना घेऊन फिरायचं आहे त्यांनी आधी भाड्यानं एक गाडी दोन रात्रींसाठी घेऊन पाहावी. माहूर, सहस्रकुंड करून या. दोन रात्रीत बायको, आई आणि लेकरं या गाडीत राहू शकतात की नाही, ते समजून जाते. आईला रात्री दोन वेळा उठावं लागते, तेव्हा गाडीतला संडास किती कामाचा हे कळेल. पलंगावर चढताना गुडघे दुखले तर तेही कळेल.

पुतण्यानं इसार दिला नाही. एक दोस्त नाराज आहे, म्हणतो काकानं धंदा बुडवला. बाकी तिघे गेल्या सोमवारी आरटीओत जाऊन आले. काल संध्याकाळी टेप घेऊन महामार्गाजवळच्या पडीक तुकड्यात काहीतरी मोजत होते. तिथं चाळीस फुटाची गाडी वळते का, असं मला विचारलं. मी म्हटलं, ट्रॅक्टरला ट्रॉली लावून वळवून पाहा.